एस्तर, ते मी करून बघितलं

एस्तर,

तुझं जाड बुडाचं पातेलं मी माझ्या घरी आणलंय. तळाशी साखर जळून कोळसा झाली आहे. भिजत घातलं, उकळी काढली, सोडा टाकून घासलं. निघत नाही. तुझ्या शेजारच्या पाटीलबाई म्हणाल्या, भंगारात टाका. मी ते पुन्हा भिजत घातलं. सध्या मी कुणाशीच फार बोलत नाही. दुकान उघडते, ब्लाउज कापायला घेते आणि कात्री हातात धरून बसून राहते. परवा एका बाईची बाही उलटी जोडली. तिनेच दाखवलं तेव्हा कळलं.

येणारी प्रत्येक बाई सांगते, "किती भाग्याचं मरण आलं हो एस्तरबाईंना. दुखणं नाही, खुपणं नाही, झटक्यात." मी मान हलवते. तू असतीस तर चष्मा कपाळावर चढवून विचारलं असतंस, "कशावरून? तुम्ही करून बघितलंय?" आता असं कुणी विचारत नाही. लोक वाट्टेल ते बोलतात आणि सगळे हो म्हणतात. मीही म्हणते.

आपली ओळखच या प्रश्नावरून झाली. तू बँकेतून नुकतीच रिटायर झाली होतीस आणि जॉर्जेटची साडी पिको-फॉलला टाकायला माझ्या दुकानात आली होतीस. भिंतीवरच्या टीव्हीवर कुठलासा जुना सिनेमा चालू होता. नायिकेला बंगल्यात कोंडलेलं. तिने कपाटातल्या साड्या एकीला एक बांधून दोर केला आणि खिडकीतून सरसर खाली उतरली. मी मशीनवरून मान वर न करता म्हटलं, "पडेल ती. जॉर्जेटला गाठ धरत नाही."

"कशावरून? करून बघितलंय?" तू म्हणालीस.

मला रागच आला. सगळा जन्म कापडात घालवलेल्या बाईला ही कोण विचारणारी! म्हटलं, "बघायला कशाला पाहिजे? मला माहीत आहे."

"माहीत असेल तर करून बघायला काय हरकत आहे?"

आणि त्याच रविवारी आपण तुझ्या तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत उभ्या होतो. एका बाईच्या वजनाचं वाळूचं पोतं वर चढवायला खालच्या स्टँडवरच्या दोघा रिक्षावाल्यांना तू चहा-भजीचं आमिष दाखवलं होतंस. सुती साड्यांचा दोर टिकला. गाठी इतक्या आवळल्या की नंतर मला त्या दाभणाने सोडवाव्या लागल्या. जॉर्जेटचा दोर कठड्यावरून खाली सोडला, पोतं जरा कुठे लोंबकळलं आणि दुसरी गाठ हातातून मासा सुटावा तशी सुटली. पोतं फुटलं. वाळू सोसायटीच्या सेक्रेटरींच्या स्कूटरवर. ते तावातावाने वर आले, पण तुझं त्यांच्याकडे लक्षच नव्हतं. तू मला गदागदा हलवून ओरडत होतीस, "शैले, तू बरोबर होतीस! तू बरोबर होतीस!"

माझं म्हणणं खरं ठरलं याचा माझ्यापेक्षा जास्त आनंद झालेलं माणूस मी तोवर बघितलं नव्हतं. त्या दिवशी तू मला शैले म्हणालीस. माझ्या आईनंतर कुणी म्हटलं नव्हतं.

मी विधवा, मुलगी लग्न होऊन लांब. तू लग्नच केलं नाहीस. तुझे सगळे नातेवाईक एकेक करून इस्रायलला गेले, धाकटा भाऊ डेव्हिडही गेला. पनवेलमध्ये तुझं म्हणावं असं माणूस उरलं नाही, तरी तू हलली नाहीस. डेव्हिड फोनवर फोन करायचा, इकडे ये म्हणून. तू मला सांगायचीस, "तिकडे जाऊन मी मराठी सिनेमा कुणाबरोबर बघू?" मी तेव्हा हसले होते. आता टीव्ही लागला की मी तो बंद करते.

शिरढोणला माझ्या नणंदेकडे केलेला तो भोपळ्यांचा खेळ आठवतो? सिनेमात नायक गच्चीवरून पेंढ्याने भरलेल्या बैलगाडीत उडी मारतो आणि केस झटकत उठतो. तू म्हणालीस, माणसाच्या डोक्याऐवजी लाल भोपळा वापरू. आपण नणंदेच्या स्लॅबवर भोपळे चढवायला लागलो तशी ती पदर खोचून पुढे आली. "वैनी, ह्यो भोपला खायाचा हाय का फेकायाचा? नाय, आमी काय समजायचं?" पेंढ्यात पडलेला भोपळा मधोमध उकलला. मग बाजारातून आणलेली आंब्यांची रिकामी पुठ्ठ्याची खोकी एकावर एक रचली आणि त्यांच्यावर दुसरा टाकला. खोकी चेपली, भोपळ्याला ओरखडा नाही. नणंद वाकून वाकून बघत होती. तिने तो भोपळा उचलून छातीशी धरला आणि म्हणाली, "यो वाचला, याला मी बियान्याला ठेवीन." उकललेल्याची भाजी सगळ्यांनी अंगणात बसून खाल्ली. तू दोनदा वाढून घेतलीस.

मग शाळांची बोलावणी यायला लागली. महिला मंडळं, सोसायट्यांचे गणपती. आपल्या कार्यक्रमाचं नाव तू ठेवलंस, 'करून बघू'. माशावर दूध प्यायलं की अंगावर कोड उठतं, हे खोटं आहे म्हणून तू स्टेजवर बसून तळलेले बोंबील खायचीस आणि वर ग्लासभर दूध गटागटा प्यायचीस. एका आजोबांनी विचारलं, "पण तुमच्या धर्मात हे चालतं का?" तू म्हणालीस, "मटण आणि दूध चालत नाही. मासा चालतो. मी आधी चौकशी केली आहे." हॉल हसला. सिनेमात डोक्यावर फोडायची बाटली साखरेची असते म्हणून तू ती घरीच करायला घेतलीस. आपल्या इथल्या दमट हवेत ती बाटली कार्यक्रमाच्या ठिकाणी पोचेपर्यंत घामेजायची, तिला मुंग्या लागायच्या. एकदा माझ्या डोक्यावर मारलीस तेव्हा ती फुटलीच नाही, केसांना चिकटून राहिली. मी घरी जाऊन न्हाले तेव्हा बादलीभर सरबत झालं असेल.

किती हसलो आपण. हे सगळं मी आठवून आठवून लिहितेय आणि मला जराही हसू येत नाहीये. मला वाटलं होतं लिहिताना येईल.

तू मला माझ्या नवऱ्याबद्दल बरेच दिवस विचारलं नाहीस. मग एका संध्याकाळी वडाळे तळ्याच्या कट्ट्यावर शेंगा खाताना मी आपण होऊन सांगितलं. एसटी स्टँडवर, पेणच्या गाडीची वाट बघत उभे असताना ते कोसळले. मी शेजारीच होते. लोक धावले. कुणी पाणी शिंपडलं, कुणी कांदा नाकाला लावला, कुणी तळवे चोळले, एक जण मोबाइलवर व्हिडिओ काढत होता. एवढी गर्दी, पण छाती दाबायला कुणी बसलं नाही. कुणाला माहीतच नव्हतं. मलाही नव्हतं. तू शेंगा बाजूला ठेवल्यास. झालं ते झालं, देवाची मर्जी, असलं काही बोलली नाहीस. एवढंच म्हणालीस, "आपण हे शिकू, शैले."

माझ्याकडे ब्लाउज शिवायला येणाऱ्या एक डॉक्टरीणबाई होत्या. त्यांना तू गळ घातलीस. त्यांच्याकडून आपण शिकलो आणि मग मी सरावासाठी एक पुतळा शिवला, आपला बंडू. रेक्झिनचं धड, आत जुन्या सोफ्याच्या स्प्रिंगा, आणि बरोबर खोलीपर्यंत दाबलं तरच टक्‌ करून वाजणारा पत्र्याचा खेळण्यातला बेडूक. डॉक्टरीणबाई गुडघ्यांवर बसून दाबून बघायच्या आणि म्हणायच्या, "अजून कडक करा. खऱ्या माणसाची छाती एवढी सहज दबत नाही." मी तीनदा उसवून पुन्हा शिवला.

तो आपला सगळ्यात गाजलेला भाग होता. आधी तू सिनेमातला नायक व्हायचीस. मी आडवी. तू कोपरं वाकवून माझ्या छातीवर तीन टिचक्या मारल्यासारखं करायचीस, आभाळाकडे बघून "तू मला सोडून जाऊ शकत नाहीस!" म्हणायचीस, आणि मी खोकून उठायचे, केस नीट करत. पोरं लोळायची. मग बंडू यायचा. अंगापिंडाने मजबूत माणसं बाह्या सरसावून पुढे यायची आणि थोड्याच वेळात धापा टाकत बाजूला व्हायची. तेव्हा हॉलमध्ये हळूहळू शांतता पसरायची. मला ती शांतता आवडायची. वाटायचं, यातला एक जण तरी कुठल्या तरी स्टँडवर खाली बसेल.

मग बेलपाड्याचा कार्यक्रम झाला. सगळं आवरल्यावर एक माणूस थांबून राहिला. पन्नाशीचा, शर्ट नीट खोचलेला. त्याने विचारलं, "मी एकदा दाबून बघू?" त्याने दाबलं. बेडूक वाजला नाही. पुन्हा दाबलं. नाही वाजला. मग तो तसाच बंडूच्या शेजारी बसून राहिला आणि म्हणाला, "म्हणजे मी नीट दाबलंच नव्हतं. सिनेमात बघितलं होतं तसं केलं. म्हणून बायको गेली माझी."

मी पुढे होऊन काहीतरी बोलणार होते. असं मनाला लावून घेऊ नका वगैरे. तू मला हाताने थांबवलंस आणि त्याच्यासमोर जमिनीवर बसलीस. म्हणालीस, "तुम्ही नीट दाबलं नव्हतं, हे खरं आहे. पण नीट दाबलं असतं तरी बहुतेक त्या गेल्याच असत्या. घरात असं कोसळलेली बहुतेक माणसं परत येत नाहीत. डॉक्टर असला तरी नाहीत."

"खरं सांगता?"

"मी खोटं सांगत नाही."

त्याने तुझ्याकडे खूप वेळ बघितलं. मग उठला, बंडूच्या रेक्झिनवर पडलेली सुरकुती हाताने सरळ केली आणि गेला.

त्या दिवसापासून तू ते वाक्य कार्यक्रमात घातलंस. सगळं शिकवून झालं की शेवटी म्हणायचीस, "हे सगळं बरोबर केलं तरी बहुतेक माणसं परत येत नाहीत. तरी करा." आणि माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. मी लोकांचे चेहरे बघत असायचे ना बाजूला उभी राहून. तुझं 'तरी करा' त्यांच्या कानात शिरायचंच नाही. एका शाळेत एक शिक्षक उघडच म्हणाले, "मग कशाला करायचं?"

यावरून आपण किती भांडलो. टमटममध्ये, माझ्या दुकानात, तुझ्या स्वयंपाकघरात. मी म्हणायचे, "माणसाला धरायला काहीतरी दे. तुझं खरं घेऊन तो काय करणार?" तू म्हणायचीस, "आणि माणूस गेल्यावर? दाबणाऱ्याला आयुष्यभर वाटत राहणार, माझंच चुकलं. त्याला कोण सांगणार?" मी म्हणायचे, "त्याचं नंतर बघू, आधी त्याला खाली बसू तरी दे." तू म्हणायचीस, "नंतर बघायला आपण असू का तिथे?" एकदा तर मी रागाने रिक्षातून मध्येच उतरले आणि उन्हात चालत घरी आले. शेवटचं भांडण झालं तेव्हा तू दमलेली होतीस. म्हणालीस, "उद्या बाटलीची साखर करताना बोलू." मी म्हटलं, "बोलूच."

ते बोलणं राहिलं.

सकाळी मी आले तेव्हा तू जबडा धरून बसली होतीस. "दाढ ठणकतेय गं. पाठही भरून आलीय." मी म्हटलं, "मग आज राहू दे. दाताच्या डॉक्टरकडे जाऊ." "साखर झाली की जाऊ. शाळेचा कार्यक्रम तोंडावर आलाय." तुझ्या कपाळावर घाम होता, पण पंखा बंद करून साखर उकळत ठेवलेल्या त्या स्वयंपाकघरात माझ्याही कपाळावर होता. सिनेमातला हार्ट अटॅक आपण किती वेळा करून दाखवला होता. छातीवर हात, डोळे वर, धाडकन खाली. त्यात दाढ दुखत नव्हती. डॉक्टरीणबाईंनी नंतर मला सांगितलं, बायकांमध्ये पुष्कळदा असाच येतो, जबडा, पाठ, मळमळ. ऐकून मला ओरडावंसं वाटलं. सिनेमातल्या इतक्या खोट्या गोष्टी आपण शोधून शोधून फोडल्या आणि हीच एक राहिली.

तू चमचा घेऊन ओट्याशी उभी होतीस. मी बाटलीच्या साच्याला तेल लावत होते. तू म्हणालीस, "शैले, गॅस बारीक कर, करपेल." मी हात पुसून वळले तोवर तू भिंतीला टेकून खाली बसल्यासारखी झालीस आणि मग आडवी. आवाजही झाला नाही. चमचा हातातच होता.

मी हाका मारल्या. खांदे हलवले. तोंड माशासारखं उघडत होतं, घशातून घरघर येत होती. आपल्याला शिकवलं होतं, हा श्वास नव्हे, याला फसू नका. मी फसले नाही. पाटीलबाईंना ओरडून ॲम्ब्युलन्स बोलवायला सांगितली आणि गुडघ्यांवर बसले. कोपरं ताठ, तळहातावर तळहात, छातीच्या मधोमध. मोठ्याने मोजत.

थोड्याच वेळात हाताखाली तुझी बरगडी मोडली. हे तुला सांगायला नको होतं, पण दुसऱ्या कुणाला सांगू? सुपारी फुटावी तसा आवाज आला. मोडली तरी थांबायचं नाही, बरगडी जुळते, असं तूच स्टेजवरून सांगायचीस. मी थांबले नाही. "सॉरी गं, सॉरी गं" म्हणत दाबत राहिले, त्यात मोजणं विसरले आणि पुन्हा एकपासून सुरू केलं.

गॅस तसाच चालू होता. साखर करपून धूर झाला. पाटीलबाई फोन करून दारात येऊन उभ्या राहिल्या. मी म्हटलं, "या, बसा इथे. माझे हात भरून आलेत, थोडं तुम्ही दाबा." त्या आपल्या कार्यक्रमाला कितीदा आल्या होत्या. त्यांच्या हातून बंडू वाजला होता, तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या. त्यांनी पुढे होऊन गॅस बंद केला. मग पदराने तोंड झाकून रडत म्हणाल्या, "शैलाताई, सोडा आता. कशाला हाल करता त्यांचे? त्याच म्हणायच्या ना, बहुतेक माणसं परत येत नाहीत."

एस्तर, तुझ्या छातीवर माझे हात होते आणि मी तुझ्यावर चिडले. इतकी चिडले की दातओठ खाऊन दाबायला लागले. हेच सांगत होते मी तुला. हेच! आणि त्याच वेळी मला हेही कळत होतं, की त्या म्हणताहेत ते खरं आहे. ज्याला माहीत नसतं तो निदान आशेने दाबतो. बेलपाड्याच्या त्या माणसाने आशेने दाबलं असेल. मला तू आशाही ठेवू दिली नव्हतीस. मी दाबत होते आणि मला माहीत होतं.

ॲम्ब्युलन्स आली. दवाखान्यात आपल्या डॉक्टरीणबाईच होत्या. त्यांनीही खूप केलं. मग बाहेर आल्या, माझ्या शेजारी बाकावर बसल्या, माझा खांदा दाबला आणि म्हणाल्या, "तुम्ही सगळं बरोबर केलंत, शैलाताई. याहून जास्त कुणी काही करू शकलं नसतं."

तुमच्यात दफनाला वेळ लावत नाहीत. डेव्हिडला विमान मिळेपर्यंत थांबता येत नव्हतं. प्रार्थनेला दहा ज्यू पुरुष लागतात आणि पनवेलमध्ये तेवढे जमेनात. पेणहून, अलिबागकडून गाड्या करून माणसं आली, तोवर सगळे ताटकळत थांबले होते. स्टँडवरचे रिक्षावाले आले होते, सेक्रेटरी आले होते, माझी नणंद शिरढोणहून आली होती. माणसं खूप होती, पण मोजायला चालणारी नव्हती. आमच्यातलं कुणीच चाललं नसतं. डेव्हिड कुणाच्या तरी मोबाइलवर तिकडून बघत होता. मी कबरस्तानात मागे उभी होते. माती टाकल्याचा आवाज येत राहिला आणि मला एकच वाटत होतं, एवढं वजन तुझ्या त्या मोडलेल्या बरगडीवर.

शाळेतून फोन आला, तुझ्या आठवणीत कार्यक्रम करू या म्हणून. मी नाही म्हटलं. बंडू दुकानात मागच्या खोलीत चादर पांघरून पडला आहे. कार्यक्रम केला तर शेवटी तुझं वाक्य म्हणायचं की नाही, ते मला ठरवता येत नाही. म्हटलं तर दारात उभ्या पाटीलबाई दिसतात. नाही म्हटलं तर तू.

गेल्या आठवड्यात डेव्हिड आला. किती थकलाय गं. तुझ्यासारखंच नाक, तुझ्यासारखीच उभं राहायची ढब. तुझ्या स्वयंपाकघरात खुर्ची घेऊन बसला आणि भिंतीवरच्या धुराच्या डागाकडे बघत राहिला. मी चहा केला, तो निवून गेला. मी डबा नेला होता, त्याला त्याने हात लावला नाही. मग म्हणाला, "शैलाताई, शेवटच्या फोनवर मी तिच्यावर ओरडलो होतो. तिथेच राहा, एकटी मरशील, असं म्हणालो. आणि फोन आपटला. त्यानंतर आमचं बोलणं नाही."

हे तू मला सांगितलं नव्हतंस. सगळं सांगायचीस आणि हे नाही.

मी म्हटलं, "एकटी नव्हती हो. मी होते."

"हो. तुम्ही होतात." मग त्याने विचारलं, "काही बोलली का शेवटी?"

मी त्याच्या डोळ्यांत बघितलं आणि म्हटलं, "बोलली. तुमचं नाव घेतलं. म्हणाली, डेव्हिडला सांग, मी रागावले नाहीये."

किती सहज आलं तोंडातून. आवाज कापला नाही. आधीपासून तयार असल्यासारखं. तो ओंजळीत तोंड धरून रडला. मग उठून तोंड धुतलं आणि आल्यापासून पहिल्यांदा नीट जेवला. निघताना माझे दोन्ही हात हातात घेऊन म्हणाला, "तुम्ही मला वाचवलंत, ताई."

मी जिंकले असं वाटायला हवं होतं. माझं म्हणणं तेच होतं ना, माणसाला धरायला काहीतरी द्यावं. खरं काय दिलं असतं त्याला? गॅस बारीक कर?

पण त्याला सोडून परत येताना उरण नाक्यावर रिक्षाची वाट बघत उभी होते आणि मला डॉक्टरीणबाईंचा चेहरा आठवला. तुम्ही सगळं बरोबर केलंत. त्यांनीही माझ्या डोळ्यांत बघितलं होतं. त्यांचाही आवाज कापला नव्हता. इतके दिवस मी तेवढ्या एका वाक्यावर जेवत होते, झोपत होते, दुकान उघडत होते. समोरून दोन रिक्षा गेल्या, मला हात करायचं सुचलं नाही. त्यांना जाऊन पुन्हा विचारता येईल. त्या तेच सांगतील. खरं असलं तरी तेच आणि खोटं असलं तरी तेच. मी डेव्हिडला उद्या पुन्हा तेच सांगेन ना.

बेलपाड्याचा तो माणूस तुझ्याकडे खूप वेळ बघत होता, ते कशासाठी, हे मला तिथे रस्त्यावर कळलं. आधी तू त्याला सांगितलं होतंस, तुमचं चुकलं होतं. म्हणून पुढचंही त्याला खरं मानता आलं. भांडताना तू हे मला शंभर वेळा सांगितलं असशील. माझ्या डोक्यात शिरलं नाही. आता शिरलंय, आणि 'शैले, तू बरोबर नव्हतीस' म्हणून मला गदागदा हलवायला तू नाहीस.

मध्येच मी मोजणं विसरले होते. पाटीलबाईंशी बोलताना हात थांबले होते का, मला आठवत नाही. दमल्यावर जोर कमी झाला असेल. दुकानात बसल्या बसल्या मी टेबलावर हात ठेवून तसं दाबून बघते. त्यातून काही कळत नाही. पाटीलबाईंना विचारण्यात अर्थ नाही, त्या रडत होत्या. त्या खोलीत बघणारं दुसरं कुणी नव्हतं. होतीस ती तूच, आणि कमी पडलं असेल तर तोंडावर सांगणारी तूच होतीस. सांगितलं असतंस तर मी ऐकून घेतलं असतं.

मी बरोबर दाबत होते का गं?